हं म्हणालात ना

हं म्हणालात ना? म्हणजे अजून आहे. सेरी, सेरी, म्हणजे बरं, बरं. बसा, उठू नका — घूं आवाज आहे म्हणजे कुठून तरी येतो आहे, आणि कुठून तरी येतो आहे म्हणजे मी त्यास धरणार, मला चुकवून जाईल कुठे तो? अवघा जन्म गेला माझा ह्याच घूंच्या मागे. जरा स्टूल इकडे घ्या, असं, खिडकीच्या उजेडांत — तिकडे पंखा फार खडखडतो, तुमचं बोलणं माझ्यापर्यंत नीट पोचत नाही. प्राणेश ना तुमचं नाव? गिटारच्या ह्या अँप्लिफायरच्या पेटीवर चिकटवलेलं आहे, ते वाचलं मी, इंग्रजींत होतं म्हणून वाचलं, देवनागरी असतं तर अडलों असतों. अम्ही तंजावूरचे मराठी लोक घरांत मराठी बोलतों आणि लिहितों तमिळ. हसता काय? हसा, हसा, पुण्याहून येणारं प्रत्येक माणूस हसतं, म्हणतं तुमची मराठी पणजोबांच्या पेटाऱ्यातली आहे. असू दे, पेटाऱ्यांत होती म्हणून टिकली. ऑटोवाल्याने तुम्हांस बरोबर आणून सोडलं की नाही? कीळवासलला येऊन 'रेडिओ राव' म्हटलं की कुणीही हें दुकान दाखवतं. तुळजाराम राव माझं नाव, पण ते रेशन कार्डापुरतं.

तर कुठे होतों आपण — घूं. पहिल्यापासून सांगतों, म्हणजे तुम्हांसही पटेल की हा म्हातारा उगीच पेटी उघडून बसलेला नाही. सकाळी आणलीत तेव्हां काय होतं? गिटार लावली तरी घूं, काढली तरी घूं, आवाजाचं बटण शून्यावर नेलं तरी घूं तेवढाच. ही तुम्हीच सांगितलेली लक्षणं. शून्यावरही तेवढाच म्हणजे दोष पुढच्या बाजूस नाही, वीज जिथून आंत येते तिथे आहे. ट्रान्झिस्टरची जुनी पेटी, तुमच्या वडिलांनी तुमच्या जन्माआधी घेतलेली — तिच्यांत दोन मोठे कंडेन्सर असतात, नळकांड्यांसारखे, ते वयपरत्वे आंतून वाळतात. मी उघडून बघतों तर दोन्ही डोक्यावर फुगलेले. काढले, नवे घातले. मग एकदम वीज दिली का? नाही. हा बघा, हा जुना शंभर वॅटचा बल्ब, हा मध्ये लावून वीज देतों — आंत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि पेटी वाचते. तुमच्या डोळ्यांदेखत बल्ब एकदा चमकला आणि मंद झाला. मंद म्हणजे सगळं ठीक. मग मी तुम्हांस विचारलं, घूं आहे का? आणि तुम्ही म्हणालात, हं.

तिथपासून डोकं फिरलं आहे माझं. एकेक जोड शिसं वितळवून पुन्हा डाखला, अर्थिंगची तार पुन्हा लावली — हं. चारही डायोड बदलले, चांगले होते तरी बदलले — हं. प्रत्येक वेळी असंच, ओठ मिटून, मान जराशी हलवून, हं. आणि वर म्हणता 'ठीक आहे, चालेल.' काय चालेल? घूं आहे आणि चालेल? हें मी पहिल्यांदाच ऐकतों आहे. मघाशी तर तुम्ही पेटी उचलायलाच निघालात. तुम्ही भले माणूस, म्हाताऱ्यास वाईट वाटू नये म्हणून सोडून देताय, मला कळतं. पण संध्याकाळी कॉलेजांत तुमची कच्चेरी आहे — तुमच्याकडे कचेरी म्हणजे सरकारी ऑफिस ना, आमच्याकडे गाण्याची बैठक — तर कच्चेरींत शेकडो मुलांसमोर ही पेटी घूं करायला लागली तर ती मुलं काय विचारतील? कुणी दुरुस्त केली? आणि कुणीतरी माझं नाव सांगेल. ते नाव फिरत फिरत माझ्या घरी येईल. नको. तेवढं करू नका माझं.

काय म्हणालात? — नाही, वर बघून बोला, पेटीकडे बघून बोलू नका — घरी कोण? मुलगी. लक्ष्मीप्रिया. शाळेंत गणित शिकवते. गणिताची मास्तरीण, म्हणजे तिच्याकडे सगळ्याचं उत्तर एकच असतं. अत्तां येईल ती, दुपारचं जेवण घेऊन येते रोज, स्वतः. आणि येऊन पहिलं काय करते? जेवण काढत नाही. ह्या फळीवर परत आलेलं काही आहे का ते बघते. परत आलेलं म्हणजे — काय आहे, पापनाशमच्या एका लग्नाच्या हॉलवाल्याचा अँप्लिफायर मी करून दिला होता. सगळं मोजून, हात लावून, नीट बघून दिला. आणि ऐन मुहूर्ताला तो शिट्टी मारायला लागला. बारीक, तीक्ष्ण शिट्टी, म्हणे भटजींनी मंत्र थांबवून कान झाकले. हॉलवाला इथे दारांत उभा राहून ओरडला, म्हणाला, देताना ऐकून बघितलं नव्हतं का? लक्ष्मी इथेच होती. रात्री जेवताना म्हणाली, अप्पा, अजून एक जरी असं परत आलं तर दुकान बंद करायचं, तुम्ही घरी बसायचं. मी होय म्हटलं. दुसरं काय म्हणणार? घरी बसून काय करूं मी? घरी सगळं शांत असतं. इथे निदान रस्ता दिसतो, माणसं येतात, काहीतरी बिघडलेलं घेऊन येतात आणि बरं करून घेऊन जातात. दुकान गेलं तर मग मी काय, भिंतीवरच्या घड्याळासारखा, कुणी बघितलं तर आहे, नाही तर नाही.

तुम्ही त्या स्टूलावर बसलात ना, ती जागा माझ्या बायकोची. कमलाक्षी. ती गेल्याला दोन पोंगल झाले. ती बसायची तिथे पालेभाजी निवडत आणि मी विचारायचों, काय गं, आहे का? ती म्हणायची होय, किंवा नाही. रेडिओ कसा बोलतो, घसा बसल्यासारखा की नाकांत बोलल्यासारखा, हें ती असं सांगायची की दोष मला समोर दिसायचा. फोन तीच घ्यायची. गिऱ्हाइकाशी तीच बोलायची, मी नुसती डाखणी धरायचों. लोकांस वाटायचं रावांस गर्व आहे, बोलत नाहीत. मला तिची आठवण कामाच्या वेळी जास्ती येते, काय करूं, येते. जाऊ दे. गिऱ्हाइकाच्या कानावर विश्वास ठेवावा हा माझा नियम आहे, म्हणून तुम्हांस बसवून घेतलं. मी स्वतः ऐकून काय उपयोग, वाजवणार तुम्ही, तेव्हां ऐकायचंही तुम्हीच. बरोबर की नाही?

अत्तां हें बघा, मी माझ्यापरीने सगळं बघतों आहे. मीटर लावला आहे — काटा बघा, कुठे आहे? शून्यावर. स्पीकरवर जाऊ नये ती वीज जात नाही आहे. स्पीकरच्या कागदावर तळहात ठेवला आहे — घूं असला की हातास कळतो, तळव्याखाली मांजर घुरघुरल्यासारखं लागतं. काही लागत नाही. काहीच नाही, अगदी थंड. हात म्हणतो नाही, मीटर म्हणतो नाही, आणि तुम्ही म्हणता हं. अत्तां मी कुणाचं ऐकायचं? पापनाशमच्या वेळी मी हाताचं ऐकलं होतं. हातास शिट्टी कळत नाही, बारीक आवाज हाताच्या खालून निघून जातो, म्हणून फसलों. म्हणून अत्तां हाताचं ऐकत नाही. तुमचं ऐकतों. पुन्हा एकदा नीट कान लावा. अगदी जवळ. आहे?

हं. सेरी.

मग एकच जागा उरली. हे मागे बसवलेले दोन लोखंडी टोपीवाले ट्रान्झिस्टर दिसतात? हेच सगळा भार उचलतात. ही जोडी कारखान्यांत एकमेकांशी जुळवून घातलेली असते, अत्तां अशी कुणी बनवत नाही. मला ह्यांस हात लावायचा नव्हता. — तुम्ही हात का पुढे करताय? नको, धरू नका, गरम आहे. मला माहीत आहे वडिलांच्या वेळची आहे ती, त्यांच्या हातचं बटण आहे, सगळं माहीत आहे, म्हणूनच तर. माझ्याकडे नवे आहेत, चेन्नईहून मागवलेले. नकली निघतात म्हणतात हल्ली, वर नाव एक आणि आंत भलतंच, पण हे बघून घेतलेले आहेत. बरेचसे बघून. आले बाहेर... अय्यो. पाय मोडला एकाचा. इतकी वर्षं एका जागीं बसलेला, ओढल्यावर मोडणारच. असू दे. नवे बसले. हा अभ्रकाचा पापुद्रा खाली, हा स्क्रू वर. झालं. आणि अत्तां बल्ब काढून टाकतों, थेट वीज देतों — बल्बामुळे पेटीस पुरती ताकद मिळत नाही, कदाचित त्यामुळेच घूं दबून राहतो आणि मला सापडत नाही. होय, बल्ब असलेला बरा, ठाऊक आहे, मीच मघाशी सांगितलं. पण लक्ष्मी यायची वेळ झाली. हात ठेवतों कागदावर. लावा तुम्ही बटण. लावा की.

का उडालात?

काय झालं? आवाज झाला? कसला — फाट् असा? बंद करा, बंद करा, वायर ओढा. माझ्या हाताखाली कागद एकदम पुढे आला आणि तिथेच थांबला. परत मागे गेला नाही. वास येतो आहे... स्पीकर. आंतली तार जळली. नकली होता. नवा ट्रान्झिस्टर नकली होता, त्याने सगळी वीज स्पीकरावर ओतली, आणि बल्ब मी माझ्या हाताने काढला होता. बल्ब असता तर नुसता पेटला असता. नुसता पेटला असता हो.

काय बोलताय? सावकाश. नाही, ओरडू नका, ओरडून काही होत नाही, तोंड उघडून बोला. नाही — काय नाही? नव्हता? काय नव्हता? घूं? घूं नव्हता?... कधीपासून नव्हता? कंडेन्सर घातल्यापासून?

मग हं का म्हणालात? प्रत्येक वेळी विचारलं आहे मी तुम्हांस, घूं आहे का, घूं आहे का, आणि तुम्ही प्रत्येक वेळी — काय? पुन्हा म्हणा. अं... अंहं. अंहं म्हणजे नाही? पुण्यास 'नाही' म्हणायला अंहं म्हणतात? पुन्हा करा बघू. अत्तां हं म्हणा. अत्तां अंहं. बघा — बघा तुम्हीच त्या भिंतीवरच्या आरशांत — दोन्ही वेळा ओठ मिटलेले. दोन्ही वेळा तेंच तोंड, तेंच जराशी मान हलवणं. इथे मान अशी हलवली म्हणजे होय, साहेब, ह्या गावांत दूधवाल्यापासून कलेक्टरापर्यंत अशी मान म्हणजे होय. आणि इथे कुणी मला ओठ मिटून उत्तर देत नाही. गिऱ्हाईक होय म्हणायला तमिळींत आमा म्हणतं, ओठ मिटून उघडतात. नाही म्हणायला इल्ले म्हणतं, जीभ वर टाळूला जाते, ती दिसते. आमच्या घरचं होय गोल असतं, नाही पसरट. सगळी उत्तरं दिसतात. तुमचं हं दिसत नाही. तुमचं अंहंही दिसत नाही.

होय. नाही येत ऐकू. कशास लपवूं अत्तां, तुमची पेटी तर जळालीच. थोडं थोडं कमी होत गेलं, आधी चिमण्या गेल्या, मग कुकरची शिट्टी, मग फोन. कमलाक्षीस ठाऊक होतं. तिने कुणास सांगितलं नाही, नुसती रोज येऊन बसायला लागली, भाजी घेऊन. लोकांस वाटलं रावांच्या बायकोस घरी करमत नाही. तो पंखा खडखडतो म्हणालों ना मी तुम्हांस — खडखडतो का खरंच? मला नाही माहीत. ती म्हणायची खडखडतो, म्हणून मीही म्हणतों.

सकाळीच झालं होतं की हो काम. पहिल्या डाखणींतच झालं होतं. मीटर सांगत होता, हात सांगत होता, बल्ब सांगत होता. सगळे खरं बोलत होते आणि मी त्यांस खोटं पाडत बसलों. तुम्ही ठीक आहे म्हणालात ते खरोखर ठीक होतं. उचलून निघालात तेव्हां नेऊ दिली असती तर अत्तां तुम्ही तुमच्या हॉटेलांत वाजवत बसला असता, आणि मी इथे जेवणाची वाट बघत.

ऐका, माझं एक ऐका. संध्याकाळची काळजी करू नका, त्या कपाटावर माझी स्वतःची पेटी आहे, साधी आहे पण चांगली आहे, ती घेऊन जा, गिटार तिला लावा. तुमची मी सोडत नाही. स्पीकरास नवी तार भरून घेईन, तसली जुनी जोडी कुठूनही शोधीन, कोईम्बतूरास जाईन, तुमच्या पुण्यास येईन. वडिलांची आहे, मी कुठे नाही म्हणतों. पण माझ्या मुलीस सांगू नका. ती येईल अत्तां. ती तुम्हांस विचारेल, झालं का? तुम्ही म्हणा, झालं नाही, पार्ट मिळत नाही, राव म्हणाले थांबा. एवढंच म्हणा. कान हा शब्द काढू नका. स्पष्ट होय-नाही करून बोला तिच्याशी, तिला पुण्याची मराठी फारशी कळत नाही. तिने दुकान बंद केलं तर मी उठून कुठे जाऊ सकाळी? तुम्ही तरुण आहात, तुम्हांस कळणार नाही, सकाळी कुठेतरी जायला लागतं माणसास. पाया पडतों म्हणा, तुमच्याएवढ्या मुलाच्या पाया पडायला मला लाज नाही. म्हणाल ना एवढं? म्हणा, माझ्याकडे बघून म्हणा. म्हणाल?

माझ्याकडे बघा म्हटलं. मागे काय बघताय?

कोण आहे मागे?

लक्ष्मी.

कधी आलीस? ये, बस... डबा ठेव इथे, हें जरा सरकवतों. काही नाही, एक नकली पार्ट फुटला, त्याचा वास आहे, खिडकी उघडली की जाईल. हे प्राणेश, पुण्याहून आले आहेत. अत्तांच आलीस ना? हाक मारली असशील, मी कामांत होतों, कामांत असलों की मला — ती काय म्हणते? नाही, तुम्ही सांगू नका मला ती काय म्हणते. ती तुमच्याकडे बघून बोलते आहे. तुम्हांस विचारते आहे काहीतरी, आणि तुम्ही मान हलवताय, कसली मान आहे ही, होय की नाही? थांबा. तुम्ही जा अत्तां. कपाटावरची पेटी घ्या आणि जा, हें आमच्या घरचं आहे. — लक्ष्मी, त्यांस काय विचारतेस? मी आहे की इथे. इकडे फीर, तोंड माझ्याकडे कर, आणि मला विचार.